एका आडनावाची शाल

कन्नडहून शहराकडं येणाऱ्या एसटीत ते बाबा माझ्या शेजारी बसले होते. भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल, जरीचा काठ पार काळा पडलेला. बोटं त्या काठावर सारखा ताल धरत होती. शालीचं टोक माझ्या मांडीवर येत होतं, म्हणून मी वैतागूनच विचारलं, "बाबा, उकडत नाही का?"

"उकडतंय की. पर पाळी माझी हाय."

ते पिशोरकडचे ढोलवाले. शहरातल्या एका कार्यक्रमात त्यांच्या सहा जणांचा सत्कार झाला होता.

"समद्यांचं आडनाव एकच. कार्यक्रमवाल्यांना वाटलं, एकाच घरचे. मंग शाल बी एकच! आमच्या चुली निराळ्या, पर भांडायचं कुणाशी? ठरवलं, दर जत्रंला शाल पुढल्या ढोलवाल्याच्या घरी द्यायची."

"आता कुणाकडं जाणार?"

"बाकीचे समदे गेले. पोरं ढोलाला हात लावीत नाय. माझी पाळी सरतच नाय आता."

फुलंब्रीला उतरण्याआधी त्यांनी शालीची नीट घडी केली, कुणाला तरी द्यायची असल्यासारखी. क्षणभर दोन्ही हातांवर धरली. मग पुन्हा स्वतःच्याच खांद्यावर टाकली.