पाय चोळू नका

लेखणी हाती घ्यायला फार उशीर केला आणि अधिकारही नाही. वाचकांनी क्षमा करावी.

सदर नावाच्या वस्तीत आमच्या शेजारी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे एक डॉक्टर राहत. बोलताना ते समोरच्याच्या ओठांचा रंग न्याहाळत. अंथरुणावरच्या रोग्याचे पाय चोळणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "पोटरीतली रक्ताची गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात जाते. सेवा करून राहिले का जीव घेऊन राहिले?" असे ते चारचौघांत सुनावत.

माझ्या आईच्या मोडलेल्या मांडीवर शस्त्रक्रिया चालू असताना नेमके तेच घडले. भूल द्यायला तेच डॉक्टर होते; तिचे ओठ निळे पडताच त्यांनी सर्जनना थांबवून जखम शिवायला लावली. रक्त पातळ करणारे औषध न द्यावे तर गुठळी वाढणार, द्यावे तर ताज्या जखमेतून रक्त वाहणार. ते थोडे थोडे औषध देत संध्याकाळपर्यंत उशाशी उभे राहिले. आई वाचली.

बाहेर माझी बहीण रडत होती. डॉक्टर बाहेर येताच तिने त्यांना विचारले, "मीच रोज तेल लावून पाय चोळले जी. माह्या हातानंच झालं का हे?"

"नाही वं. नुसतं पडून राहिल्यानंही होते. जा, आईले भेट."

दुसऱ्या सकाळी आईशेजारच्या खाटेवरच्या रोग्याचे पाय कुणी चोळत होते, तिथे डॉक्टरांचा आवाज चढला होता. दारात माझी बहीण दिसताच ते वाक्य अर्धवट सोडून पुढे गेले.

त्यांच्या जागी तुम्ही असता, तर तिला काय सांगितले असते?