चुन्यातलं बोट

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सागवानी अक्षरांवर जवसाचं तेल चोळणं. आजही तो वास आला की हात थांबतो.

इंग्रजांच्या राज्यात मी अकोल्याच्या एका छापखान्यासाठी जत्रेच्या जाहिरातींची मोठी अक्षरं लाकडात कोरायचो. पोटाशी जाड, शेपटीले बारीक. लोकं वाखाणायचे. पण ते वळण माझं नव्हतं. बायको चुन्यात बोट बुडवून भिंतीवर वेली काढायची. बोटावरचा चुना सरत आला की रेघ बारीक व्हायची. तेच मी उचललं.

त्या सकाळी तेल लावलेला ‘क’ पुसता पुसता ती म्हणाली, “हे तं माह्या बोटाचं हाय जी! छापखान्याच्या मालकाले सांगतलं का?”

“बायकोचं बोट सांगू? हसतीन लोकं.”

“तुमचं तोंड पाहून हसतेतच की,” म्हणून तीच हसली.

दुपारी तिले पटकी झाली, अन् दिवेलागणीले ती गेली. सांगतलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मयतीच्या रिवाजाप्रमाणे बाया भिंतींसकट घर शेणानं सारवाले आल्या. मी वेलीच्या भिंतीले पाठ लावून उभा राहिलो अन् पहिल्यांदा चारचौघांत बोललो, “एवढी भिंत सोडा. माही समदी अक्षरं इथूनच घेतली हायेत.”