तेल न घातलेली ज्योत

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीच्या देवी मंडळाने माझा सत्कार केला, त्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. खांद्यावर शाल, हातात नारळ. मला त्याच्याकडे बघवत नाही. एकाहत्तरी गाठली, आता तरी खरं लिहून ठेवावं.

अडतीस वर्षं मी कचेरीत खुर्चीवर काढली. निवृत्तीनंतर साखर वाढली, तेव्हा शेजारच्या नामदेवरावांनी मला पळायला नेलं. ते माझ्याच वयाचे, भाजीचा मळा करणारे. सकाळी फाटकाशी येऊन ओरडायचे, "साहेब, सोडा आता खुर्ची! तिले बी आराम पाहिजे." सुरुवातीला मी चौकापर्यंतही पोचत नसे, वर्षभरात दहा किलोमीटर पळू लागलो. ते सगळं त्यांचं देणं. पण मी धापा टाकत असताना हा माणूस पळता पळता फोनवर बायकोला मेथी काढली का विचारायचा. रस्त्यावरचे लोक हात करायचे ते त्यांनाच. मी मागून त्यांच्या पायांकडे बघायचो आणि जळायचो. देवापुढे बसलो तरी तेच पाय दिसायचे.

दर नवरात्रात आमचं मंडळ अमरावतीच्या देवीपासून पेटती ज्योत पळत आणतं. एकेक जण पाळीने पळतो, बाकीचे टेम्पोत. त्या वर्षी मांडवात शिरण्याचा शेवटचा टप्पा मी मनात धरला होता. तो नामदेवरावांनी मागितला. बायको मोठ्या आजारातून उठली, म्हणून त्यांचा नवस होता. सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

त्यांच्या आधीचा टप्पा माझा होता. ऊन चढत होतं. रस्त्याकडेच्या एका घरासमोर एक बाई दिवा घेऊन उभी होती. ज्योत जाताना लोक तिच्यावरून आपला दिवा लावून घेतात. मला थांबणं जिवावर आलं. वैतागून मशाल तिच्यापुढे झुकवली, तिचा दिवा लागताच निघालो. पुढे नामदेवराव वाट बघत होते. मशाल दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तिच्यात तेल घालायचं असतं. बाटली माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. विसरलो नव्हतो.

टेम्पो तयारीसाठी मांडवाकडे गेला होता. मी मागून चालत पोचलो, तर नामदेवराव कडेला उभे, हातातली मशाल नुसती धुमसत होती.

"साहेब, तेल टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं," मी म्हणालो.

ते मटकन खाली बसले. "मंग देवीनंच मले नाही म्हटलं."

हेच तर मला हवं होतं. तरी त्यांना तसं बसलेलं बघवेना. विझलेली ज्योत काडीने पेटवत नाहीत. पुन्हा देवीच्या दारातून आणावी लागते. आणि एकदम ती बाई आठवली. मशाल उचलून मी उलटा पळत सुटलो. तिच्या देवळीत दिवा शांत तेवत होता. मी दारात थांबलो. विझलेली मशाल बघून तीच म्हणाली, "घ्या ना काका. आत्ता तुमीच त देल्लं."

मी तेल घातलं, मशाल पेटवली. परत आलो, पण नामदेवरावांनी तिला हात लावला नाही. मांडवात मीच नेली. "काकांनी ज्योत राखली!" म्हणून जयजयकार झाला, शाल आली. नामदेवराव पार मागे उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते पळायला आले नाहीत. तीन वर्षं मी त्यांच्या बंद फाटकावरून एकटा पळालो. पुढे कोणी नव्हतं, तरी जळणं थांबलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मळ्यात जाऊन सगळं सांगितलं. ते मेथीच्या जुड्या बांधत होते.

"तुमी मशाल घेऊन वापस पयत सुटले, तवाच पिशवीतली भरेल बाटली दिसली मले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलता, तेच पाहून राह्यलो होतो." त्यांनी जुडी आवळली. "उद्या येतो फाटकाशी. खुर्ची सोडान ना?"

मी कुरकुरत दिलेला ज्योतीचा अंश त्या दिवेवाल्या माउलीने माझ्यासाठीच सांभाळून ठेवला होता, असं मला वाटतं. मी मागितलाही नव्हता. हा कागद यंदा आरतीआधी मांडवात सगळ्यांसमोर वाचावा, एवढी मंडळाला विनंती. शेवटचा टप्पा नामदेवरावांचा. मी त्यांच्या मागे तेलाची बाटली घेऊन पळेन. देवीने माझ्यासाठी नेमलेली जागा तीच होती, आणि तिथे बरं वाटतं.