छत रंगवणाऱ्याची मान

माझे सासरे रंगाऱ्याचं काम करतात, चौतीस वर्षं झाली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. भिंती कुणीही रंगवेल, छत मात्र आबांनीच करावं, असं त्यांच्या बरोबरीचे लोक म्हणायचे. शिडीवर चढायचं, मान मागे टाकायची आणि तासन्‌तास ब्रश चालवायचा, हे त्यांचं आयुष्य.

त्या मानेनंच एक दिवस दगा दिला. आधी नुसती अवघडायची. मग वर बघितलं की उजवीकडून कळ निघून थेट खांद्यात उतरायची. दीड वर्षात अशी वेळ आली की पेल्यातला शेवटचा घोट घेता येईना, हनुवटीखालची दाढी करता येईना. सासूबाई रोज सकाळी त्यांना खुर्चीत बसवायच्या आणि जीव मुठीत धरून रेझर फिरवायच्या. "हलू नका, नाहीतर गळा कापल्याचं पाप माझ्या माथी येईल!"

मलम, शेक, पट्टा, गोळ्या, व्यायाम, सगळं करून झालं. काम सुटलं. आबा दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचे. शेवटी मीच त्यांना दुखण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे नेलं.

त्यांनी मान वळवून, दाबून पाहिली, एक्स-रेचे फोटो पाहिले. म्हणाल्या, "मणक्यांना मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, दाराच्या बिजागरीसारखे. तुमचे दोन सांधे दुखावलेत. त्यातच इंजेक्शन देऊ."

"मणक्यात सुई?" आबा दचकले. "आणि हातपाय लुळे पडले म्हणजे?"

"धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पण तो फार कमी आहे. सुई कुठे जातेय ते मला पडद्यावर दिसत असतं. आणि आधीच सांगते, हा कायमचा इलाज नाही. बहुतेक काही महिने बरं वाटेल. काहींना गुण येतही नाही."

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, बाई खोटं बोलली नाही. घेऊ या इंजेक्शन."

इंजेक्शनच्या दिवशी त्यांना पालथं झोपवलं, कपाळाखाली उशी दिली. आबांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा हात हातात घेतला. नर्स होती. "काका, काम काय करता?" आबांनी सांगितलं. "मग आमच्या घरचं छत सारखं पट्टे पट्टे का दिसतं?" झालं! आबा सुरू झाले. खिडकीकडून सुरुवात करायची, कडा ओल्या असतानाच पुढचा हात मारायचा... मध्ये दोनदा सुई टोचली, तेव्हा फक्त तिचा हात घट्ट धरला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

इंजेक्शनमधल्या बधिर करणाऱ्या औषधामुळे लगेच मान वर झाली. संध्याकाळी ते औषध उतरलं आणि दुखणं परतलं. दोन दिवस आबांचं तोंड उतरलेलं. "गेलं सगळं पाण्यात!" डॉक्टरांनी आधी बजावलं होतं, असं होईल, मुख्य औषधाचा गुण तीन-चार दिवसांनी दिसेल म्हणून, पण ऐकतो कोण?

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई पाणी घेऊन आल्या, तर आबा आरशासमोर, मान वर करून, स्वतःच दाढी करत होते. त्या दारातच थबकल्या. "म्हणजे माझी नोकरी गेली म्हणायची," एवढं बोलल्या आणि आत जाऊन डोळे पुसत बसल्या.

दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. पालथं झोपल्यामुळे नर्सचा चेहरा आबांनी पाहिलाच नव्हता. बाहेरच्या बाकावर बसलो असताना "आजी, सावकाश, पायरी आहे," असा ओळखीचा आवाज आला आणि आबा ताडकन उठले.

"सिस्टर, मी तो... छतवाला."

ती हसली. "काका! मान कशी आहे?"

रस्ताभर त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तुमच्या हातामुळे धीर आला हो." कुणाला तोंडावर असं काही म्हणताना मी आबांना पहिल्यांदाच पाहिलं.

नऊ महिन्यांनी दुखण्यानं परत डोकं वर काढलं. दुसरं इंजेक्शन घ्यायला आबा एका शब्दानंही कुरकुरले नाहीत. हल्ली पुन्हा कामाला जातात, पण लांब दांड्याचा रोलर वापरतात, अर्धा तास काम, मग विसावा. मानेचे व्यायाम चुकवत नाहीत. दिवसाला एकच खोली घेतात. काल शेजाऱ्यांची खोली पुरी करून आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसता बसता सासूबाईंना म्हणाले, "वाढ लवकर, आज काम करून भूक लागलीय."

त्यांनी न विचारताच ताटात दुप्पट वाढलं.