गहिनीनाथचा पिवळा पदार्थ

गहिनीनाथ तिसगावचा. एकाहत्तर साली नगरच्या कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होतो; म्हणजे मी पास होण्यासाठी आणि तो कॅन्सर बरा करण्यासाठी. त्याची आई दगडाबाई भाकरी घेऊन आली की विचारायची, "एवढी अवशदं करतोस, माझ्या गुडघ्याला एखादं दे की."

"आई, हे आदी उंदराला देत्यात."

"उंदराला? आन् मानसं काय मेली का?"

पण त्यानं बनवलेल्या एका पिवळ्या पदार्थानं कमाल केली होती. मुंबईच्या एका प्रयोगशाळेनं तो रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांना टोचला, तर ते बाकीच्यांपेक्षा जास्त जगले. एका चाचणीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी दिवाळीच्या आत आणखी माल मागितला. नाहीतर पदार्थ बाद.

आणि माल बनेना. तीच रसायनं, तोच काचेचा चंबू, पण स्फटिकांऐवजी तळाला चिकट रस.

"गुऱ्हाळ टाक गहिन्या," मी म्हणालो. "काकवी झकास उतरलीय."

"हस लेका."

सर म्हणाले, "पहिल्यांदा केलंस तसंच कर ना." गहिनीनाथ बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सरांना म्या थाप मारली, बर्फात गार केलं म्हनून. भर उन्हाळ्यात बर्फ कुठं हुता? ओलं फडकं गुंडाळून चंबू खिडकीत टांगला, घरी पान्याची घागर गार करत्यात तसा. पुस्तकात बर्फ हाय. फडकं सांगितलं असतं तर सगळे हसले असते."

"आणि आता?"

"आता इमानदारीनं बर्फात घातला."

थाप खरी करायला गेला आणि फसला! पण गडी तसाच वळला आणि सरांना सगळं सांगून आला. सर खरंच हसले. म्हणाले, "बर्फानं झटकन गार होतंय, म्हणून रस सुटतोय. आण तुझं फडकं."

सकाळी चंबूत सुयांसारखे पिवळेजर्द स्फटिक. माल दिवाळीआधी मुंबईला पोचला.

उत्तर आलं ते असं: उंदीर पुन्हा जास्त जगले, पण पार रोडावले. औषध फार जहाल, नामंजूर. मी सांत्वनाची दोन वाक्यं जुळवत प्रयोगशाळेत गेलो, तर चंबू आधीच शेगडीवर.

"रेणूतला क्लोरीन काडून टाकतो," तो म्हणाला. "त्योच लई मारका दिसतोय."

"आणि तो काढून औषधच राहिलं नाही तर?"

"तर त्योच रेणूत दुसऱ्या जागी लावीन. सरक जरा, उजेड अडवतोस."