सुलतानानं पाठवलेली बत्ताशी

गाडी कोल्हापूर स्टेशनात शिरायच्या आधी गैबीचा आवाज फलाटावर शिरायचा. "या पावणं! महाद्वार, गंगावेस, रंकाळा, कुटं बी चला! पांढऱ्या घोडीचा टांगा, नवरदेवावानी बसा!" बाकीचे टांगेवाले उतारूंच्या हातातल्या वळकट्या ओढायचे. गैबी कुणाची वळकटी ओढत नसे. तो नुसता बोलायचा, आणि ऐकता ऐकता पाहुणा आपण होऊन टांग्यात चढलेला असायचा.

ते महाराजांच्या राज्यातले दिवस होते. खासबागेतलं कुस्त्यांचं मैदान नुकतंच झालं होतं आणि गावातली पोरंटोरं लाल मातीनं माखून घरी येत होती. गैबीचा बाप दरबारच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करण्यात त्याचा जन्म गेला. गैबीला पागेची शिस्त मानवली नाही. तिथं बोलायला कुणी नव्हतं, घोडी सोडून. त्यानं टांगा धरला.

त्याच्या घोडीचं नाव बत्ताशी. पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. ती जन्मली त्याच रात्री तिची आई गेली. गैबीनं शेळीच्या दुधात फडकं भिजवून तिच्या तोंडात पिळलं आणि तिला वाढवलं. त्याची बायको लालबी म्हणायची, "तिला वाटतं तुम्हीच तिची आई. दाढीवाली." गैबी तोंडानं रागवायचा आणि मनातून फुलायचा.

पण लोकांपुढं तो वेगळंच सांगत असे. "माझी बत्ताशी कुणाच्याबी हातात द्या. लहान पोराच्या हातात लगाम द्या, सरळ जाईल. पागेचं वळण हाय तिला." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

ते खरं नाही हे साऱ्या पेठेला कळलं वसंताच्या वरातीत. वसंता म्हणजे वकिलांचा थोरला मुलगा. त्याच्या मामानं हट्ट धरला की भाच्याची घोडी मीच धरणार. गैबीला वाजंत्र्यांच्या मागं पाठवलं. बत्ताशी चार पावलं चालली, थांबली, मान वळवली, आणि मग शांतपणे उलटी फिरून वाजंत्र्यांच्या मधून वाट काढत गैबीजवळ येऊन उभी राहिली. पाठीवर बाशिंग बांधलेला वसंता. वरात पुढं गेली होती आणि नवरदेव मागं. गैबीनं घाईघाईनं सांगितलं, "फटाक्याला बुजली!" आणि तिला पुन्हा मामाच्या हातात दिलं. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदाही आली. मुहूर्ताच्या अक्षता पडायची वेळ झाली तेव्हा नवरदेव चौकात गोल फिरत होता.

त्यानंतर बत्ताशीला वरातीचं बोलावणं आलं नाही. टांग्याला काही कमी पडलं नाही, पण लगीनसराईत दुरून सनई ऐकू आली की बत्ताशी कान टवकारायची, पुढचे पाय नाचवायची, आणि मग हळूहळू थांबायची. गैबी अशा वेळी चाकाकडं बघत बसे. चाकात बघण्यासारखं काही नसायचं.

त्याच वर्षी पेठेतल्या तालमीनं वार्षिक उत्सवाला नाटक करायचं ठरवलं. नाटक लिहिलं गणपतराव मास्तरांनी. मास्तर शाळेत इतिहास शिकवत. रोज संध्याकाळी गैबीच टांग्यातून त्यांना तालमीत पोचवायचा, म्हणून नाटकाची पहिली बैठक त्यानं दारात उभं राहून ऐकली.

"सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट," मास्तर म्हणाले. "यरुशलेम नावाचं शहर. ख्रिस्ती म्हणत आमचं पवित्र स्थान, मुसलमान म्हणत आमचंही. त्यापायी पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या. धर्मयुद्धं. युरोपातनं समुद्र ओलांडून फौजा यायच्या. त्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलाहुद्दीन समोरासमोर आले. दोघंही शूर."

"निकाल काय लागला?" सिकंदर पैलवानानं विचारलं. तालमीतला तो सर्वांत उंच गडी.

"तह झाला."

"म्हंजे कुस्ती सोडवली व्हय?" सिकंदरचा चेहरा पडला. "मास्तर, कोल्हापुरात असलं चालायचं न्हाय. लोक मैदानात चपला टाकतील."

मास्तर हसले. "चपला टाकणार नाहीत. त्यात एक प्रसंग आहे, तो बघून गप्प बसतील. एका लढाईत राजाकडं घोडा उरला नव्हता. तो पायी लढत होता. ते सुलतानाच्या बाजूनं पाहिलं, आणि असं सांगतात की त्यांनी आपल्या बाजूचा घोडा त्याला पाठवून दिला. लढाई चालू असताना."

दारातून गैबी म्हणाला, "शत्रूला?"

"शत्रूला."

"खोगीर घालून, का उघडाच?"

"ते पुस्तकात नाही, गैबी."

"घालूनच असणार," गैबी ठामपणे म्हणाला. "सुलतान हाय त्यो. उघडं घोडं पाठवील व्हय?"

मग भूमिका वाटल्या. सिकंदर गोरा आणि उंच, म्हणून तो झाला इंग्लंडचा राजा. सुलतान झाला सयाजी, कारण तालमीत दाढी त्याला एकट्यालाच शोभत होती.

"आमचा सुलतान आणि तुमच्या सयाजीनं?" गैबीनं टोमणा मारला.

"मग तुमच्या सिकंदरनं गोरा साहेब व्हावा व्हय?" सयाजीनं दाढीवर हात फिरवला. "बस गा गप. मर्दा, तोंडाला बघून दिलंय."

"आणि घोडा?" कुणीतरी विचारलं.

गैबी आत आला. "बत्ताशी हाय की."

तालीम हसली. ज्ञानू नावाचा पैलवान, ज्याला सुलतानाचा दूत व्हायचं होतं, तो तर मातीतच बसला. "नगं बाबा! राजा पुढं धाडायचा आणि मागं यायचा!"

गैबीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ऐका. उत्सवाच्या मैदानात, समद्या पेठेसमोर, ज्ञानूच्या हातात लगाम देतो. सुलतानाच्या तंबूपास्नं राजाच्या तंबूपतूर सरळ जाईल. न्हाय गेली, तर गैबी जन्मात परत वरातीसाठी घोडी देणार न्हाय. कुणी पाया पडला तरी."

बोलून झालं आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.

घरी लालबीनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. "अवो, ती तुमच्याबिगर आडापतूर पाणी प्यायला जात न्हाई. तिथं राजाच्या तंबूत कशी जाईल?"

"शिकवतो की."

"तिला?" लालबीनं भाकरी उलटली. "का तुमच्या तोंडाला?"

शिकवणं सुरू झालं. ज्ञानू लगाम धरून बत्ताशीला गल्लीच्या टोकाला न्यायचा आणि गैबी भिंतीआड लपायचा. बत्ताशी वळून थेट भिंतीपाशी यायची आणि वरून मान घालून त्याच्या टोपीचा वास घ्यायची. गैबी शेजारच्या शालूबाईंच्या परसात लपला. बत्ताशी परसात आली, येता येता शालूबाईंची मेथी खाल्ली. शालूबाई ओरडल्या, "गैबीभाऊ, लढाई त्या तिकडच्या गावाची आन् लूट माझी व्हय?" शेवटी तो लालबीची गोधडी डोक्यावरून घेऊन कट्ट्यावर बाईसारखा बसला. बत्ताशीनं दातांनी गोधडी ओढून काढली आणि ती तोंडात धरूनच उभी राहिली. गल्लीतल्या बायका पोट धरून हसल्या. गैबीही हसला. पण रात्री खरारा करताना तो तिच्या मानेशी हळूच म्हणाला, "एकदाच जा की, बाई. तुझ्याच नावासाठी सांगतोय."

बत्ताशीनं कान हलवला.

तालमीत सराव करताना मात्र सगळं नीट होत होतं, कारण गैबी घोडीच्या कडेनं चालायचा. "वाट दाखवतो नुसती," तो म्हणायचा. मास्तर म्हणाले, "उत्सवाच्या दिवशी तू सुलतानाच्या तंबूपाशीच उभं राहायचंस. तू सुलतानाचा माणूस. शत्रूच्या तंबूत तू कसा जाशील?" गैबीनं मान हलवली. त्या दिवशी उतारूंना त्याच्याकडून एकही गोष्ट ऐकायला मिळाली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलंही, "दात दुखतोय व्हय रं?"

उत्सवाचा दिवस उजाडला. ऊन उतरतीला लागल्यावर मैदान भरलं. एका टोकाला हिरव्या कापडाचा सुलतानाचा तंबू, दुसऱ्या टोकाला धोतरांचा राजाचा तंबू, मध्ये उकरलेली माती. एका बाजूला बायका. त्यांत लालबी आणि शालूबाई. पुरुषांच्या बाजूला पुढं बसले होते पेठ वडगावहून आलेले अप्पा, सयाजीचे मामा, ज्यांचा आवाज गैबीच्या आवाजाच्या तोडीचा होता.

नाटक रंगलं. सिकंदरनं रॉकेलचे डबे कापून केलेलं चिलखत घातलं होतं. तो हलला की भांड्याच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा आवाज यायचा. तलवारी भिडल्या, लोकांनी दोन्ही बाजूंना सारखीच शाबासकी दिली. मग राजाचा घोडा पडला असं ढोलावरून कळलं, आणि राजा मातीत उतरून एकटा लढू लागला.

सुलतान सयाजी उभा राहिला. "थांबवा! राजा पायी लढतोय. माझ्या पागेतला घोडा त्याला द्या!"

मास्तरांनी सांगितलं होतं तसंच मैदान गप्प झालं. गैबीनं बत्ताशीला बाहेर आणलं. खोगिरावर लालबीनं शिवलेली जरीकाठी झूल. त्यानं लगाम ज्ञानूच्या हातात दिला. हात सोडायला त्याला जरा वेळ लागला.

बत्ताशी निघाली. मान ताठ, पाय मोजून टाकल्यासारखे. अर्धं मैदान. पाऊण मैदान. राजाच्या तंबूपाशी ज्ञानू थांबला, चारजणांनी डबे खडखडवत सिकंदरला तिच्या पाठीवर चढवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गैबीनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा बत्ताशी वळलेली होती.

ती कुठंही धावली नाही. लढाईच्या मधून, तलवारी उपसून उभ्या राहिलेल्या दोन फौजांच्या मधून, इंग्लंडच्या राजाला पाठीवर घेऊन ती ठरल्या चालीनं चालत आली आणि गैबीसमोर उभी राहिली. तिनं त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं.

"राजा मागं आला!" अप्पा ओरडले, आणि मैदान हसण्यानं फुटलं. बायका पदर तोंडात धरून, पुरुष मांड्या थोपटत. वर बसलेला सिकंदर डब्याच्या आतून म्हणाला, "गैबीचाचा, आता काय करू वो?"

ज्ञानू धावत आला आणि कानाशी कुजबुजला, "ढोलाला बुजली म्हणा! मी बी सांगतो."

गैबीनं तोंड उघडलं. ते शब्द जिभेवर तयार होते, वसंताच्या वरातीपासून तयार होते. त्यानं बत्ताशीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना भीती ना लाज. ती फक्त जिथं यायचं तिथं आली होती.

"न्हाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर त्याचा आवाज हळू निघाला. "बुजली न्हाय. पयल्यापास्नंच कंदी बुजली न्हाय ती. तिला मी लागतो. मीच उगा फुशारकी मारत गेलतो."

मग त्यानं लगामाला हातही लावला नाही. तो वळला आणि राजाच्या तंबूकडं चालू लागला. मागोमाग बत्ताशी, पाठीवर राजा.

"आरं आरं!" सुलतान सयाजी नाटक विसरून ओरडला. "तू माझा माणूस हायस! तिकडं कुटं?"

गैबी चालता चालता वळला. आवाज परत मूळचा झाला होता. "सुलतान, घोडं दिलं म्हंजे घोडेवाला संगं जायाचाच! पोचवतो आणि येतो की!"

"फितूर झाला, फितूर!" कुणीतरी ओरडलं.

"फितूर कशाचा? खोगीर घालून चाललोय!"

राजाच्या तंबूपाशी पोचल्यावर सिकंदर आपलं भाषण पार विसरला. त्यानं तलवार कपाळाला लावली आणि पलीकडं हाक दिली, "सुलतान, लई उपकार झालं! च्या प्यायला या!" सुलतानानंही हात हलवला. मास्तरांनी कपाळाला हात लावला, मग तो हात तसाच डोळ्यांवर नेऊन ते हसत राहिले. तह त्या दिवशी अर्ध्या तासानं व्हायचा होता. तो तिथंच झाला. एकही चप्पल मैदानात पडली नाही.

सगळं पांगल्यावर गैबी झूल उतरवत होता. अप्पा आले. "गैबी, माझ्या धाकट्याचं लगीन हाय, वडगावात. घोडी पायजे."

गैबीनं मान हलवली. "न्हाय, अप्पा. शब्द दिलाय. वरातीला घोडी देणार न्हाय. चुकलो, पर शब्द शब्द हाय."

अप्पांनी पागोटं सारखं केलं. "घोडी मागतंय कोण? मी तुला बोलावतोय. तू वरातीच्या पुढं चालायचंस. मागनं कोण येईल, ते माझ्या धाकट्याला घेऊन यीना का."

जवळ उभ्या लालबीनं पटकन सांगून टाकलं, "येतील. आन् मी बी येणार हाय."

वडगावच्या वरातीत गैबी सगळ्यांच्या पुढं चालला, डोक्याला नवा फेटा, मागं बत्ताशी, तिच्यावर नवरदेव. तो वाटेतल्या दुकानदारांशी इतक्या मोठ्यानं बोलत होता की सनईवाल्यानं दोनदा सनई खाली घेऊन त्याच्याकडं रागानं पाहिलं. नवरदेव वेळेच्या आधी मांडवात पोचला. करवल्या अजून वेण्याच घालत होत्या.

परतीच्या वाटेवर टांग्यात लालबी शेजारी बसली होती. ओढ्याच्या पुलाशी चाकांचा आवाज बदलला तेव्हा त्यानं विचारलं, "कशी चालली?"

"कोण? घोडी का तुम्ही?"

"दोगं."

लालबीनं थोडा विचार केला. "ती झ्याक चालली. तुम्ही वाईच भरभर चालता. फुडल्या वरातीला तिच्या चालीनं चाला."

"फुडली कुटली?"

"शालूबाईच्या भाचीची. मघाशीच हो म्हणून बसले मी."