कप ज्यांच्या दुकानात पाहुणा येतो

शिवलिंगअण्णांना मी पहिल्यांदा पाहिले ते प्रतिस्पर्धी म्हणून. नांदेडच्या मैदानावर फुटबॉल लीगचा शेवटचा सामना होता. त्यांचा देगलूरचा सरहद्द क्लब आणि आमचा लातूरचा संघ. सरहद्द जिंकला तर विजेतेपद त्यांचे, बरोबरी झाली तर आमचे. सरहद्दने तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती, आणि त्या दिवशी शेवटची दहा मिनिटे उरली असताना ते एका गोलने पुढे होते.

अशा वेळी अण्णांनी आपला सर्वांत भरवशाचा बचावपटू बाहेर बोलावला आणि नरसिंगलूंना आत पाठवले. नरसिंगलू बेकरीवाले, अंगाने भरलेले, पळण्याशी बेताचीच ओळख. प्रेक्षक कळवळले, "अण्णा, आज नगं! आज तरी नगं!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्यानं जर्सी वाळत घालाया आणली न्हाई. खेळाया आणली हाय."

सरहद्दचा नियमच तो. जर्सी अंगात घातली की प्रत्येकाने मैदानात उतरायचेच, मग सामना कोणताही असो. डाव्या बाजूने मी धावत गेलो, नरसिंगलूंना हुलकावणी दिली आणि गोल केला. कप आमचा झाला. पण अण्णा नरसिंगलूंच्या खांद्यावर हात टाकून "चला, भुका लागल्या असतील" म्हणत निघाले, तेव्हा सारे मैदान त्यांच्यामागे गेले. आम्ही कप हातात धरून एकमेकांची तोंडे पाहत उभे!

पुढच्या रविवारी आमचा कप्तान म्हणाला, हा कप एकदा त्या माणसाला दाखवून आणू. अण्णांच्या भांड्यांच्या दुकानात तो घागरी-तांब्यांच्या फळीवर दिवसभर राहिला. एका बाईंनी त्याचा भावही विचारला. तेव्हापासून विजेता कोणीही असो, कप आधी देगलूरला जातो आणि चहा पिऊन मगच घरी.

एकही विजेतेपद नसलेल्या क्लबचा एवढा बोलबाला कसा, असे बाहेरचे लोक विचारतात. त्यांनी एकदा देगलूरला यावे. तिथे हमाल, शिक्षक, अडते, न्हावी, सगळे कधी ना कधी सरहद्दकडून खेळलेले आहेत, तेही भर सामन्यात. आपण खेळलेला संघ हरला म्हणून कोणी परका करतो का?

पुढे बँकेच्या बदलीने मीच देगलूरला आलो. अण्णा दुकानाची पायरी उतरून आले. "आमचा कप नेलेला मानूस आला! आधी जेवून घ्या." खोली त्यांनी पाहून दिली. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज पेजेचा डबा घेऊन ते स्वतः यायचे. गुडघे थकल्यावर संघही त्यांनी माझ्याच हाती सोपवला.

यंदा अण्णांची पंचाहत्तरी; हा गौरवग्रंथ त्यासाठीच. सरहद्द पुन्हा त्याच टोकावर आला आहे: शेवटचा सामना जिंकला तर विजेतेपद. पोरे म्हणाली, "सर, अण्णांसाठी एक दिवस नियम बाजूला ठेवू." खरे सांगतो, मलाही मोह झाला. मी दुकानात गेलो. अण्णा चिंचेने घागर घासत होते.

"ठेवा की बाजूला," ते म्हणाले. "फकस्त जे बसून ऱ्हातील त्यांना काय सांगायचं, ते तुमी सांगा. मला न्हाई जमनार."

मलाही जमले नसते. घागर लख्ख झाली तशी मी ती उचलून फळीवर ठेवली. इतकी वर्षे हरत आलेला हा माणूस मला कुठल्याही विजेत्यापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यांच्यापुढे माझी मान आपोआप लवते.

अण्णा, तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि आणखी पुष्कळ वर्षे मैदानाच्या कडेला तुमची खुर्ची असो. हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा सामना व्हायचा असेल. संघ ठरला आहे. राखीव तिघे आहेत आणि तिघेही खेळणार आहेत. कप नेहमीसारखा तुमच्याकडे येईलच. कोणाच्याही नावाचा असो, फळीवर जागा तेवढी करून ठेवा.